सोनेरी आयशॅडो आणि मराठी नवरी: मेकअपच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

ब्रायडल मेकअप शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलींना अगदी सुरुवातीलाच सोनेरी डोळे करून बघायचे असतात. साहजिकच आहे. आपल्याकडे लग्न म्हटलं की साडीची जर, मोहनमाळ, तोडे, पाटल्या, सगळं सोनेरीच. पापणी तेवढी कोरी कशी ठेवणार? मी नाशिक भागात बरीच वर्षं नवरीचा मेकअप करते आहे आणि हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला आधी एकच गोष्ट सांगते: सोनेरी रंग पॅलेटकडे बघून निवडू नका. नवरीची त्वचा, तिच्या साडीची जर आणि ती ज्या उजेडात उभी राहणार तो उजेड, या तिघांवरून तो ठरतो. ब्लेंडिंग (रंगांच्या कडा एकमेकांत विरवणं) आणि कट क्रीज (पापणीच्या घडीवर रंगाची ठळक कड काढणं) सरावाने येतातच. नजर मात्र मुद्दाम घडवावी लागते.

आधी हा रंग कशाचा असतो ते समजून घ्या, कारण पुढचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. नेहमीच्या सोनेरी आयशॅडोत सोनं नसतं. अभ्रकाच्या अतिशय बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवलेला असतो. या थराची जाडी बदलली की परावर्तित होणारा रंग बदलतो: थर पातळ असेल तर चंदेरी, थोडा जाड झाला की सोनेरी, त्याहून जाड झाला की तांबूस आणि निळसर. म्हणजे या सोनेरीला स्वतःचा रंग फारसा नसतोच, तो उजेडाचा खेळ असतो. दुसऱ्या प्रकारात त्याच अभ्रकावर आयर्न ऑक्साइड असतं. ते मुळातच पिवळं, तांबडं किंवा काळं असल्यामुळे कॉपर, ब्रॉन्झ, अँटिक गोल्ड या छटा तयार होतात, आणि त्या बाजूने पाहिल्या तरी रंग सोडत नाहीत. डबीच्या मागे सीआय (रंगद्रव्याचा क्रमांक) 77891 दिसलं तर ते टायटॅनियम डायऑक्साइड. 77491, 77492 आणि 77499 ही आयर्न ऑक्साइडं. सावळ्या त्वचेवर एखादा फिका सोनेरी समोरून छान चमकतो आणि मान वळवली की राखाडी दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा इथेच सापडतं.

अभ्रकाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगते. झारखंडमधल्या कोडरमा, गिरिडीह आणि लगतच्या बिहारच्या पट्ट्यात अभ्रक निघतं, आणि तिथे लहान मुलं ते वेचण्याच्या कामाला जुंपली जातात हे अनेकदा समोर आलेलं आहे. काही कंपन्या आता कारखान्यात बनवलेलं अभ्रक वापरतात, घटकांच्या यादीत ते सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट या नावाने दिसतं. किट भरताना हे वाचायची सवय लावून घ्या. नवरीच्या पापणीवरची चमक कुठून येते हे आपल्याला माहीत असायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

आता त्वचा. गव्हाळ रंगाला मध्यम, उबदार सोनेरी बहुतेक वेळा चालून जातो. सावळ्या आणि गडद त्वचेवर मी नेहमी तांब्याकडे झुकणारा किंवा अँटिक सोनेरी घेते, तो तिथे जसा खुलतो तसा गोऱ्या पापणीवर कधीच खुलत नाही. गोऱ्या, गुलाबी झाक असलेल्या त्वचेला पीच किंवा शॅम्पेन छटेचा सोनेरी बरा. आणि एक खास आपल्याकडची गोष्ट: हळद. आदल्या दिवशी लावलेली हळद कितीही धुतली तरी केसांच्या मुळाशी, भुवयांच्या कडेला तिची पिवळी झाक राहते. त्यात गौरीहराला बसताना साडी पिवळी. अशा वेळी लिंबाच्या रंगाकडे जाणारा सोनेरी लावला तर डोळे उठूनच दिसत नाहीत. क्रीजमध्ये, म्हणजे पापणीच्या घडीत, उबदार तपकिरी मॅट (न चमकणारा रंग) भरा आणि वर खोल सोनेरी ठेवा, पिवळ्यातून डोळे बाहेर येतात.

जरीचं म्हणाल तर ट्रायलच्या आधी मी साडीच्या पदराचा फोटो मागवते, तोही खिडकीशी दिवसाच्या उजेडात काढलेला. नव्या पैठणीची जर बहुधा झगझगीत पिवळी असते. आजीचा जपून ठेवलेला शालू असेल तर त्याची जर मंद, थोडी काळपट झालेली असते, आणि तिच्या शेजारी चकचकीत पापणी परकी वाटते. दागिने पाहा: खऱ्या सोन्याचे की एक ग्रॅमचे, त्यांचा पिवळेपणा वेगळा असतो. मोत्यांची नथ, चिंचपेटी, तन्मणी असा मोत्यांचा साज असेल तर सोनेरी थोडा हलका घ्या आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात मोतिया छटेचा एक ठिपका द्या. पापणी दागिन्यांच्या रंगात मिसळली पाहिजे, त्यांच्याशी स्पर्धा करता कामा नये.

मराठी लग्नात नवरीचे डोळे सगळ्यात जास्त कधी दिसतात? अंतरपाट धरलेला असताना. ती हातात हार घेऊन पाटावर उभी असते, मंगलाष्टका चालू असतात, नजर खाली असते, आणि फोटोग्राफर त्या सगळ्या वेळात तिच्या चेहऱ्यावरून कॅमेरा हलवत नाही. म्हणजे पूर्ण पापणी उघडी. मोबाइलवर जे लुक आपण बघतो ते बहुतेक उघड्या डोळ्यांचे असतात, त्यामुळे शिकाऊ मुली उघड्या डोळ्यांसाठीच काम करतात. आपल्या नवरीसाठी मिटलेला डोळा आधी तपासा. दोन्ही पापण्यांवर रंग सारख्या उंचीवर थांबतो का, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी त्वचेची कोरी फट राहिली आहे का, चमक एका जागी साचली आहे का, हे पाहा. शिवाय मुंडावळ्या दोन्ही बाजूंनी कानशिलांवरून खाली येतात. मेहनतीने काढलेला लांब विंग, म्हणजे लायनरची बाहेर जाणारी शेपटी, त्यांच्या मागे जातो. म्हणून मुहूर्ताच्या मेकअपमध्ये मी बाहेरचा कोपरा साधा ठेवते आणि सगळा वेळ पापणीच्या मध्यावर घालवते.

तो मध्य कसा बसवायचा ते नीट सांगते. डोळे आधी, बेस नंतर. सोनेरीचा भुगा गालावर पडतोच, आणि फाउंडेशनवर पडलेला भुगा निघत नाही, चिकटतो. पापणी स्वच्छ पुसून प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला लेप) किंवा कन्सीलरचा अगदी पातळ थर बोटाने थोपटा. जाड थर तासाभरात घडीत गोळा होतो. क्रीज आणि भुवईकडचा भाग थोड्या पावडरने सेट करा, पण पापणीचा मध्य तसाच ओलसर राहू द्या, तिथेच सोनेरी धरायचा आहे. मग मॅट. त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद असा तपकिरी क्रीजमध्ये गोल ब्रशने, हात सैल ठेवून, मागेपुढे फिरवत न्या. त्याहून गडद तपकिरी फक्त बाहेरच्या कोपऱ्यात. मॅटची कड पूर्ण विरघळल्याशिवाय सोनेरीची डबी उघडायची नाही, कारण शिमर, म्हणजे चमकणारा रंग, चढल्यावर खालचा डाग झाकला जात नाही, उलट उठून दिसतो.

आता चपटा, दाट केसांचा ब्रश घ्या. आधी कोरड्या ब्रशवर रंग घ्या आणि मग ब्रशवर सेटिंग स्प्रेचा एक हलका फवारा मारा. ओला ब्रश डबीत बुडवला की रंगाच्या पृष्ठभागावर कडक पापुद्रा धरतो आणि पुढे डबी रंग सोडत नाही. नवरीला हनुवटी वर करून खाली बघायला सांगा. बुबुळ जिथे सर्वात पुढे आलेलं असतं, पापणीचा तो उंचवटा शोधा आणि पहिला रंग तिथे दाबून बसवा. ओढायचं नाही, फक्त दाबायचं. मग थोडं आत, थोडं बाहेर, तसंच दाबत. कडेला ब्रशवर जेवढा उरला असेल तेवढाच पुरतो. शेवटी मघाचाच तपकिरी ब्रश, नवा रंग न घेता, सोनेरी आणि मॅट जिथे भेटतात तिथे एकदा हलकेच फिरवा. गालावर पडलेला भुगा कोरड्या, फुगीर ब्रशने झटका. चिकटपट्टीने काढायचा मोह टाळा, डोळ्याखालची त्वचा फार नाजूक असते.

डोळ्याचा आकार प्रत्येकीचा वेगळा. पापणी झाकली जात असेल तर नवरीचे डोळे उघडे आणि नजर सरळ असताना क्रीज आखा, खऱ्या घडीच्या थोडी वर, आणि चमक घडीच्या खालीच थांबवा. खोल डोळ्यांना उलट सोनेरी थोडा वरपर्यंत चालतो.

उजेडाचा अंदाज मात्र कार्यालय बघूनच येतो. नवरीच्या खोलीत बहुतेक वेळा डोक्यावर पांढरी ट्यूब असते, स्टेजवर व्हिडिओवाल्यांचे प्रखर दिवे, आणि मुहूर्त गोरज असेल तर बाहेरचा मावळता उजेड. पिवळसर दिव्यांखाली सोनेरी अधिक पिवळा आणि पसरलेला दिसतो, पांढऱ्या एलईडीखाली थंड दिसतो. जमेल तर आदल्या दिवशी जागा बघून या. निदान मेकअप झाल्यावर नवरीला खोलीबाहेर व्हरांड्यात नेऊन पाहा, आणि मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो डोळे उघडे, एक डोळे मिटून काढा. फिका सोनेरी फ्लॅशमध्ये पांढरा पडतो, तो तिथेच पकडता येतो.

रिसेप्शनला मोकळीक जास्त. अंतरपाट नाही, मुंडावळ्या नाहीत. दोन्ही कोपऱ्यांत गडद ब्रॉन्झ आणि मधोमध सोनेरी असा हॅलो आय किंवा सोनेरी हाफ कट क्रीज तिथे शोभते. करवल्यांना वेळ कमी असतो, त्यांच्यासाठी क्रीम सोनेरी बोटाने थोपटून काजळ घातलं की पुरे. नवरीच्या आईकडे मात्र घाई करू नका. सुरकुत्यांमध्ये जाड शिमर बसला की प्रत्येक रेघ मोठी दिसते. सॅटिन पोताचा सोनेरी, फक्त मध्यावर, नखाएवढा. आईला स्वतःचा चेहरा ओळखीचा वाटला पाहिजे.

लाजाहोमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येणारच, आणि मुलगी निघताना रडणारच. काजळ, लायनर, मस्कारा वॉटरप्रूफ हवेतच. पण खरी परीक्षा वैशाखात. उघड्या लॉनवर घामाने क्रीम सोनेरी सरकतो, तिथे क्रीमचा पातळ थर देऊन त्यावर पावडर सोनेरी दाबलेलाच टिकतो.

सुरक्षिततेबाबत मी कुणाचंही ऐकत नाही. स्टेशनरीच्या दुकानातली चमकी डोळ्याजवळ न्यायची नाही, तिच्या कडांनी बुबुळावर ओरखडा उठू शकतो. नवरी लेन्स लावणार असेल तर मेकअपच्या आधी लावायच्या. लॅशेस, म्हणजे खोट्या पापण्या, चिकटवायच्या गोंदात लेटेक्स असतं का ते पाहा आणि ट्रायलच्या वेळी ॲलर्जीबद्दल विचारा. मस्कारासाठी प्रत्येकीला नवी डिस्पोजेबल कांडी, पेन्सिल प्रत्येक वेळी तासून, क्रीम स्टीलच्या पट्टीवर काढून घ्यायचं, डबीत बोट नाही. कोणाचे डोळे आलेले असतील तर त्या ब्रशने दुसऱ्या कोणाला हात लावायचा नाही. करवली कितीही रुसली तरी.

शिकायचं कुठे, हा प्रश्न मला सतत येतो. खासगी क्लासच्या फीने घाबरून जाऊ नका. आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी झालेल्या मुलींना प्रवेश मिळतो, आणि त्वचा, केस, स्वच्छता यांचा पाया तिथे पक्का होतो. त्यानंतर एखाद्या अनुभवी आर्टिस्टला किमान एक लग्नसराई असिस्ट करा. ब्रश धुणं, साडीच्या पिना लावणं, निऱ्या धरणं, नवरीला पाणी पाजणं, या सगळ्यातून मुहूर्ताची घाई अंगात मुरते. क्लासमध्ये एक डोळा करायला दुपार मिळते, कार्यालयात दोन्ही डोळ्यांना अर्धा तास मिळाला तरी नशीब, आणि दाराबाहेर मामा घड्याळ बघत उभे असतात.

सिनेमा किंवा मालिकांकडे जायचं स्वप्न असेल तर एक नाव लक्षात ठेवा: मेकअप आर्टिस्ट चारू खुराना. मुंबईच्या सिने कॉस्च्युम मेकअप आर्टिस्ट अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशनमध्ये अनेक दशकं बायकांना हेअर ड्रेसर म्हणूनच सभासदाचं कार्ड मिळायचं, मेकअपचं कार्ड पुरुषांना. चारू खुराना यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि नोव्हेंबर 2014 मध्ये न्यायालयाने ही अट बेकायदा ठरवली. आज तुम्ही सेटवर मेकअपचा ब्रश हातात धरू शकता तो या निकालामुळे. क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

पैशांचं बोलायला लाजू नका. ट्रायलचे पैसे वेगळे, तारीख ॲडव्हान्स आल्यावरच धरायची, आणि मुहूर्त व रिसेप्शन हे दोन लुक आहेत हे आधीच स्पष्ट करायचं. काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं, चातुर्मासात जवळजवळ थांबतं, आणि अधिक मास आला की त्या वर्षी आणखी एक महिना हातचा जातो. खर्चाचा हिशेब वर्षाचा मांडा, महिन्याचा नको.

आणि सुरुवातीलाच मोठं पॅलेट घेऊ नका. एक अँटिक सोनेरी, एक तांबूस, एक शॅम्पेन, दोन मॅट तपकिरी, एक गडद मॅट, तीन बरे ब्रश. आषाढ-श्रावणात काम नसतं तेव्हा घरातल्या बायकांना बसवा: आई, काकू, शेजारची कॉलेजची मुलगी, प्रत्येकीची त्वचा आणि पापणी वेगळी. तोच सोनेरी प्रत्येकीवर लावून खिडकीत, ट्यूबखाली आणि फ्लॅशमध्ये फोटो काढा, डोळे मिटलेले आणि उघडे, आणि फोटोखाली कुठली छटा, कुठला बेस ते लिहून ठेवा. लग्नसराई सुरू झाल्यावर पहिल्या नवरीच्या ट्रायलला ही वही सोबत न्या.