काउंट आले, आता पुढे?

आमच्या धाकट्याला थॅलेसेमिया मेजर, रक्ताचा आनुवंशिक आजार. सहाव्या वर्षी बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण) झाली, मॅरो थोरलीने दिला. एकविसाव्या दिवशी एएनसी (पांढऱ्या पेशींमधला एक काउंट) सलग तिसऱ्यांदा ५००च्या वर आला आणि वॉर्डातल्या मावशी "काउंट आले, काउंट आले" म्हणत सगळीकडे सांगत सुटल्या. मी लगेच सांगलीला फोन लावला, पोरगा बरा झाला म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "मग सत्यनारायण कधी घालायचा?"

घाई माझीच. एएनसी म्हणजे फक्त न्यूट्रोफिलची मोजणी. जिवाणूंशी लढणाऱ्या या पेशी लवकर येतात. विषाणूंना ओळखणाऱ्या टी-पेशी पुरेशा व्हायला कित्येक महिने, कधी वर्षाच्या वर लागतं. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींना तर नीट कामाला लागायला दोन वर्षंही लागतात. लहान मुलांचं एक बरं असतं: छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी त्यांची अजून चालू असते, म्हणून नव्या टी-पेशी मोठ्या माणसांपेक्षा लवकर तयार होतात. पण नुसता सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) बघून मास्क काढू नका. सीडी४ (टी-पेशींचा एक प्रकार) किती, आयजीजी (रक्तातली अँटिबॉडी) किती, सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) बंद झालं का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा.

घरी आल्यावर पहिलं काम तापाचं. १००.४ फॅरनहाइट दिसला की फोन आणि हॉस्पिटल, मध्यरात्र असली तरी. "आधी पॅरासिटामॉल देऊन बघू" हे अजिबात नको, ताप दबतो आणि आतलं इन्फेक्शन वाढत राहतं. लाइन (शिरेत बसवलेली नळी) फ्लश केल्यावर हुडहुडी भरली तरी तसंच निघायचं. आमची पिशवी दाराच्या खुंटीला टांगलेली असायची: फाइल, दोन कपडे, चार्जर.

सायक्लोस्पोरिनची रक्तातली लेव्हल काढायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतर. मी एकदा सवयीने आधीच पाजला. लेव्हल भलतीच वर आली, डॉक्टरांचं बोलणं खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई. पोरगा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. गणपतीत कुणी पपनस आणलं तर त्याला देऊ नका, त्याने या औषधाची लेव्हल वाढते. काढे, चूर्णं, शेजारच्या काकूंचा गुळवेलीचा रस, सगळ्यांना हात जोडून नाही म्हणा. को-ट्रायमॉक्साझोल मात्र "आता कशाला" म्हणून मनाने बंद करू नका, ते न्यूमोसिस्टिस नावाच्या न्यूमोनियासाठी असतं आणि निदान सहा महिने चालतं.

पावसाळ्याआधी भिंतींची ओल बघून घ्या. दिरांना बाथरूमच्या फरश्या बदलायच्या होत्या, मी सरळ नको म्हटलं. तोडफोडीच्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस बुरशी फुप्फुसात जाते. दुरुस्ती करायचीच तर मूल घरी येण्याआधी. कुंड्या गॅलरीतून गच्चीवर हलवल्या, तुळससुद्धा. खाणं ताजं, वाफाळतं. वरून कच्ची कोथिंबीर नाही. दही कधी सुरू करायचं ते तुमच्याच डॉक्टरांना विचारा, प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगतात.

एक गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. जावेची मुलगी दीड वर्षाची, आणि पल्स पोलिओच्या रविवारी अंगणवाडीच्या ताई दारात उभ्या. तोंडाने दिलेल्या डोसातला विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून घरातल्या लहानांना इंजेक्शनचीच लस द्यावी लागते. ताईंना मी चिठ्ठी दाखवली, त्यांनी समजून घेतलं. आणि शाळेत, वाड्यात कुणाला कांजिण्या झाल्या नि आपलं मूल त्याच्या आसपास होतं असं कळलं, तर पुरळाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. संरक्षण देणारं इंजेक्शन लवकर दिलं तरच उपयोगाचं.

जुनं लसीचं कार्ड कोरं समजा. आधीच्या लसींची ताकद बहुतेक पुसली जाते. निर्जीव लसी आमच्याकडे सहा महिन्यांनंतर सुरू झाल्या. गोवर-रुबेलाची जिवंत लस दोन वर्षांनंतर, तीही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद असतील आणि जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी मुलाच्याच शरीरावर केलेला हल्ला) नसेल तरच. केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, "अहो, याचं कार्ड तर भरलेलं आहे." मी बीएमटीची चिठ्ठी पुढे केली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि ड्रॉवरमधून तान्ह्या बाळाचं नवं कार्ड काढलं.