सेल बायोलॉजीची (पेशीशास्त्राची) बीएस्सी : पैशांचा हिशेब मांडताना या चुका टाळा

पीयूसीचा (बारावीचा) निकाल लागतो, नीटचे गुण कमी पडतात, केसीईटीतून (कर्नाटकच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून) हवी ती जागा मिळत नाही. मग बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'बायोतलीच बीएस्सी करू दे.' निर्णय चुकीचा असतोच असं नाही. पण तो घेताना बहुतेक घरांत पहिल्या वर्षाची फी तेवढी विचारली जाते. या पदवीचा हिशेब तीन वर्षांचा नसून पाच वर्षांचा असतो. पुढची दोन वर्षं कुठे जाणार हे ठरवल्याशिवाय पहिल्या वर्षाचं चलन भरू नये.

चूक : फी म्हणजेच खर्च असं धरणं

सगळ्यात मोठा खर्च पावतीवर येत नाही. तो म्हणजे त्या वर्षांत न मिळालेला पगार. खालचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

मुलगा घरी राहून बेळगावात शिकतो. फी, परीक्षा, पुस्तकं, जर्नल मिळून वर्षाला ३०,००० आणि प्रवास-डबा १५,०००. तीन वर्षांचे १,३५,००० झाले. तोच मुलगा पीयूसीनंतर उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) महिना १२,००० वर लागला असता, तर ३६ महिन्यांत ४,३२,००० कमावले असते. म्हणजे पदवीची खरी किंमत ५,६७,०००.

आता परतावा बघा. तीन वर्षांनी उद्यमबागेतला मुलगा १४,००० वर पोहोचला आणि बीएस्सीवाल्याच्या हातात १६,४०० आले, तर फरक महिन्याला २,४००, वर्षाला २८,८००. ५,६७,००० वसूल व्हायला जवळपास २० वर्षं लागतात.

याच मुलाने एमएस्सी केली तर? दोन वर्षांची फी आणि राहणं-जेवण मिळून २,५०,००० धरा. पाच वर्षांचा बुडालेला पगार ७,६८,००० होतो (पहिली तीन वर्षं १२,००० ने, पुढची दोन १४,००० ने). एकूण ११,५३,०००. त्यानंतर तो २८,००० वर लागला आणि कारखान्यातला मुलगा १६,००० वर असला, तर वर्षाला १,४४,००० चा फरक पडतो आणि पैसे ८ वर्षांत फिटतात. खर्च दुप्पट होऊनही वसुली अडीचपट लवकर. पण पगार २८,००० ऐवजी २२,००० मिळाला, तर तीच ८ वर्षं १६ होतात. म्हणून 'एमएस्सी करायची' एवढं ठरवून भागत नाही. कुठली, कुठून आणि कुठल्या कामासाठी, हे आधी ठरावं लागतं.

चूक : सीटीसीला (कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाला) पगार समजणं

वरचे १६,४०० कुठून आले तेही पाहा. ऑफर लेटरवर वर्षाला २,४०,००० लिहिलेलं असतं, म्हणजे महिना २०,०००. मूळ वेतन १०,००० असेल तर कंपनीचा पीएफचा वाटा १,२०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ४८० यातच धरलेले असतात. ईएसआयचा (कामगार विम्याचा) कंपनीचा वाटा ३.२५ टक्के, तोही यातच. उरतो सुमारे १७,७४०. त्यातून तुमचा पीएफ १,२०० आणि ईएसआय ०.७५ टक्के गेले, की हातात साधारण १६,४०० पडतात. पीएफ तुमचाच आहे, पण तो भाडं भरायला उपयोगी पडत नाही.

नोकरी गोव्यात वेर्ण्याला असेल तर खोली आणि मेसचे ७,५०० वजा करा. उरतात ८,९००. घरी राहून उद्यमबागेत मिळणाऱ्या पगारापेक्षा हे कमी आहेत. तरीही ती नोकरी घ्यावी, असं आमचं मत आहे. औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागातली दोन वर्षं पुढची नोकरी मिळवून देतात. मात्र पहिली दोन वर्षं घरी पैसे पाठवता येणार नाहीत, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

चूक : पदवीचं नाव पाहून प्रवेश घेणं

आपल्या भागात सेल बायोलॉजी बहुधा स्वतंत्र पदवी म्हणून नसते. झूलॉजी, बायोटेक्नॉलॉजी किंवा मायक्रोबायोलॉजीत तो एक पेपर असतो. नाव आकर्षक आहे म्हणून जास्त फी देण्यात अर्थ नाही. सोबतचे विषय कोणते आहेत ते पाहा.

रसायनशास्त्र सोडू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांचा. मळीपासून इथेनॉल बनवताना आंबवण्याचं काम यीस्ट करतं, म्हणजे पेशीच. पण कारखान्याच्या प्रयोगशाळेत जागा निघते ती केमिस्टची. पदवीला रसायनशास्त्र नसेल तर अर्ज दारातच अडतो. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये फर्मेंटेशन आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. पाच वर्षांच्या हिशेबात एमएस्सीच्या शेजारी हा रकानाही मांडून पाहावा.

शिक्षक व्हायचं असेल तर ही चूक आणखी महागात पडते. भरतीच्या जाहिरातीत विषयांचं कॉम्बिनेशन स्पष्ट दिलेलं असतं, आणि रसायनशास्त्र-वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र असं सीबीझेड कॉम्बिनेशन सगळ्यांत सुरक्षित. मागच्या भरतीची जाहिरात काढून प्रवेशाआधीच वाचा, कारण बीएडची दोन वर्षं त्यानंतर लागणार आहेत. कर्नाटकातल्या सरकारी जागांना कन्नडची अटही असते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी कन्नडची तयारी पहिल्याच वर्षी सुरू करावी.

डायग्नोस्टिक लॅबमध्ये काम मिळेल अशी अनेकांची समजूत असते. तिथे डीएमएलटी (मेडिकल लॅबचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी एमएलटी लागते. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानंतर मेडिकल लॅबचं काम नोंदणीच्या चौकटीत येत आहे. साधी मायक्रोबायोलॉजीची पदवी त्याला पर्याय ठरत नाही.

चूक : सवलती दोन राज्यांत सारख्याच धरणं

सीमाभागात हे वारंवार घडतं. निपाणीच्या मुलांना अर्जुननगरचं देवचंद कॉलेज अगदी जवळ, पण ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. बेळगावचं कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. कर्नाटकची शिष्यवृत्ती एसएसपी पोर्टलवर, महाराष्ट्राची महाडीबीटीवर, आणि दोन्हीकडे रहिवासाच्या अटी वेगळ्या. कर्नाटकातला जातीचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणाला चालेल असं धरू नका. प्रवर्गांची नावं आणि याद्याही वेगळ्या आहेत : मराठा समाज कर्नाटकात ३ बी मध्ये येतो, ती वर्गवारी महाराष्ट्रात नाही.

महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत मात्र वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी भाषकांसाठी तरतूद आहे. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. गाव यादीत आहे का ते बघून दाखल्याची कागदपत्रं पदवीच्या काळातच जमवा. शेवटच्या तारखेला ते जमत नाही.

राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) ची शिक्षण-नोकरीतली सवलत कल्याण कर्नाटकातल्या जिल्ह्यांना आहे, बेळगावला नाही.

मुलींच्या हिशेबात आणखी एक फरक : शक्ती योजनेमुळे कर्नाटकात साध्या सरकारी बसचं तिकीट लागत नाही. खानापूरहून बेळगावला येणाऱ्या मुलीचा प्रवासखर्च शून्य धरता येतो.

चूक : कर्जाचा हप्ता न काढता बेंगळुरू गाठणं

दरवर्षी १ लाख असं तीन वर्षांत ३ लाख कर्ज घेतलं, व्याज १० टक्के. शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. चार वर्षांनी सरळ व्याजानेच ९०,००० चढून देणं ३,९०,००० होतं. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे ६,४७०. १६,४०० च्या पगारातून ही रक्कम काढून बघा. शिकत असतानाच दर महिन्याचं व्याज भरता आलं तर ते ९०,००० चढतच नाहीत. घरच्यांना एवढंच जमलं तरी पुष्कळ. आमच्या मते फक्त बीएस्सीसाठी कर्ज काढू नये. ते एमएस्सीसाठी राखून ठेवावं.

चूक : बीएस्सीला नीटचं प्रतीक्षालय करणं

कॉलेजात नाव, लक्ष कोचिंगकडे. पहिल्या वर्षी दोन विषय राहतात, दुसऱ्या वर्षी ते काढताना प्रॅक्टिकल बुडतं. पुढे एमएस्सीच्या प्रवेशात हीच गुणपत्रिका आडवी येते. नीट पुन्हा द्यायची असेल तर सरळ एक वर्ष द्या, आणि त्या वर्षाचा खर्च वेगळा मांडा.

दुसऱ्या वर्षात आहात आणि हे आता कळतंय?

आधी राहिलेले विषय काढा. मग परीक्षा ठरवा. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजी पेपर फेब्रुवारीत असतो, अर्ज मात्र आदल्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. तिसरं वर्ष उजाडलं की लगेच. केंद्राच्या बायोटेक विभागाच्या मदतीने चालणाऱ्या एमएस्सीसाठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा आहे. संशोधनाकडे जायचं असेल तर नेट-जेआरएफ परीक्षेतून मिळणारी फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि वर घरभाडं, अशी आहे. पण ती एमएस्सीनंतर, आणि स्पर्धा मोठी. हिशेबात ती खात्रीची मिळकत म्हणून लिहू नका.

सुट्टीतले चार-सहा आठवडे दूध संघाच्या किंवा डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत घालवता आले तर बिनपगारी का होईना, घालवा. क्यूसीच्या मुलाखतीत पेशीविभाजनाच्या अवस्थांपेक्षा हातचं काम विचारतात. ऑटोक्लेव्हवर (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रावर) १५ पौंड दाब दिसतोय, १५ मिनिटं झाली, तरी माध्यमात बुरशी का आली? आतली हवा पूर्ण बाहेर काढली नव्हती, म्हणून दाब चढला पण तापमान १२१ अंशांवर गेलंच नाही. प्लेटवर जिवाणूंच्या ३०० हून जास्त वसाहती आल्या तर काय कराल? तो आकडा मोजून लिहीत नाहीत, नमुना आणखी पातळ करून पुन्हा लावतात. चुकलेली नोंद कशी दुरुस्त कराल? एक आडवी रेघ, सही, तारीख. व्हाइटनर कधीच नाही.

कॉलेज निवडताना प्लेसमेंटचा 'सर्वांत मोठा पगार' विचारू नका. मागच्या वर्षी किती जण पास झाले, त्यांतले किती नोकरीला लागले, कुठल्या पदावर, आणि पगारांच्या क्रमात मधोमध असलेल्या मुलाला किती मिळाले, हे चार प्रश्न लेखी विचारा. मग कॉलेजच्या गेटवर तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांनाही तेच विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर फॉर्म भरा.