भूपट्टांच्या सीमा शिकताना या चुका टाळा

कळवण-दिंडोरीकडे जमीन थोडी हादरली की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक वाक्य हमखास फिरतं: 'आपल्या खाली दोन प्लेट एकमेकींवर आदळत आहेत.' तसं काहीही नाही. पृथ्वीचा वरचा कठीण थर मोठमोठ्या सरकत्या तुकड्यांचा बनलेला आहे, त्यांना भूपट्ट किंवा प्लेट म्हणतात. भारतीय भूपट्टाची उत्तर सीमा हिमालयात आहे आणि पश्चिमेची भर अरबी समुद्रात. नाशिक पट्टाच्या आत, दोन्हींपासून खूप लांब आहे.

बहुतेक भूकंप सीमांवर होतात हे खरं, पण सगळे नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, हे दोन्ही पट्टाच्या पोटातले भूकंप. हिमालयाच्या टकरीचा ताण आतपर्यंत पोचतो आणि जुने, कमकुवत प्रस्तरभंग (खडकातल्या भेगा) कधीतरी सरकतात. कोयनेत धरणाच्या साठलेल्या पाण्यानेही हातभार लावला. म्हणून 'भूकंप झाला, म्हणजे इथे सीमा असणार' असं उत्तर कधीच लिहू नका.

काळ्या दगडाबाबतही हीच गफलत होते. बेसाल्ट म्हणजे ज्वालामुखी आणि ज्वालामुखी म्हणजे सीमा, असं जोडत जाऊन कुणी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीलाच ज्वालामुखी ठरवतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबलचक भेगांमधून लाव्हा पसरला आणि थरावर थर साचले. नंतर पाण्याने ते कापत नेले. उरले ते ब्रह्मगिरी आणि अंजनेरी. त्यांच्या कड्यांच्या पायऱ्या म्हणजे तेच थर. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थळावर (खोलातून उष्ण खडक वर येतो अशा जागेवर) होता, असं मानलं जातं. तप्तस्थळाला सीमेची गरज नसते. आपल्याकडच्या खाणीतला बेसाल्टचा एखादा तुकडा हातात घेऊन पाहा: लाव्हातल्या वायूंचे बुडबुडे राहिलेल्या बारीक पोकळ्या दिसतील, काहींत पांढरं खनिज भरलेलं असेल. त्याच खनिजांचे देखणे नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडले आहेत. मुलांना एकदा तरी तिथे न्यावं.

मॉडेलमधला लाल रस

विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचे पट्ट लाल रंगाच्या पाण्यावर तरंगताना दिसले, तर ते मॉडेल लगेच सुधारा. प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा जाड थर, द्रव नाही. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून आरपार जातात. त्या अडतात त्याखालच्या द्रव बाह्य गाभ्यापाशी. प्रावरणाचा खडक घनच आहे, फक्त प्रचंड उष्णतेत लाखो वर्षांच्या हिशोबाने तो हळूहळू वाहतो. आणि पट्ट म्हणजे केवळ भूकवच नव्हे. कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा ताठ भाग मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीचा पट्ट होतो.

हे पट्ट सरकतात कशामुळे? 'खालचे प्रवाह त्यांना वाहून नेतात' एवढंच लिहून थांबणं अपुरं आहे. थंड, जड झालेला समुद्रतळ खाली बुडताना मागचा पट्ट ओढून घेतो. खाटेवरून गोधडीचा मोठा काठ लोंबला की बाकीची गोधडी त्याच्यामागे घसरते, तसं. सगळ्यात जास्त जोर या ओढीचा असतो.

'घासून वितळतो' ही सर्वात चिवट चूक

एकत्र येणाऱ्या सीमेवर खाली गेलेला पट्ट घर्षणाने वितळतो आणि ज्वालामुखी होतो, असं वर्षानुवर्षं पाठ केलं जातं. प्रत्यक्षात बुडणारा पट्ट आजूबाजूच्या खडकापेक्षा थंड असतो. त्याच्या खनिजांत अडकलेलं पाणी खोलवर दाबाने आणि उष्णतेने बाहेर पडतं, वरच्या प्रावरणात शिरतं आणि त्या खडकाचा वितळणबिंदू खाली आणतं. तो खडक वितळून शिलारस (जमिनीखालचा वितळलेला खडक) तयार होतो.

पाठांतर खरंच सोडायचं असेल, तर आपलाच पट्ट दोन ठिकाणी पाहा. अंदमानजवळ त्याचा समुद्रतळ खाली जातो, म्हणून तिथे बॅरन बेटावर देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी आहे. त्याच पट्टाच्या उत्तर काठावर मात्र समुद्र केव्हाच संपला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी खंड खंडाला भिडला. खंडाचा खडक हलका, तो समुद्रतळासारखा खोल बुडत नाही. पाणी देणारा समुद्रतळही आता उरला नाही. म्हणून हिमालयात भूकंप आहेत, जिवंत ज्वालामुखी नाहीत. 'सीमा एकत्र येणारी' एवढ्यावर उत्तर लिहू नका. दोन्ही बाजूंना समुद्रतळ आहे की खंड, हे आधी विचारा.

बाजूने सरकणारी सीमा

दोन पट्ट एकमेकांना घासत शेजारून सरकतात, त्या सीमेबद्दल चूक आकृतीत होते. समुद्रातली कटक (पट्ट दूर जातात तिथली समुद्राखालची डोंगररांग) तुटक तुकड्यांत काढतात आणि जोडणारी आडवी रेघ दोन्हीकडे लांबवर नेऊन तिच्यावर सगळीकडे उलटसुलट बाण मारतात. उलट बाण फक्त कटकेच्या दोन तुकड्यांच्या मधल्या भागात काढा. त्यापलीकडे रेघेच्या दोन्ही बाजूंचा तळ एकाच दिशेने चाललेला असतो. तिथे भेगेची खूण राहते, सीमा नाही. भूशास्त्रज्ञ टूझो विल्सन यांनी १९६५ मध्ये हेच मांडलं होतं. बाण काढण्याआधी कटकेच्या प्रत्येक तुकड्यापासून तळ कुठे सरकतोय ते पेन्सिलने दाखवा, मग मधल्या रेघेवरची दिशा आपोआप ठरते.