तास संपल्यानंतरची दहा मिनिटे

तास संपवून वर्गाबाहेर पडताना शिक्षकाच्या मनात बहुधा एक ढोबळ भावना असते: आज छान झाले, किंवा आज काही जमले नाही. ही भावना खोटी नसते, पण उद्याच्या तासात नेमके काय बदलायचे हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून स्वतःच्या अध्यापनाचे चिंतन मुलांनी काय म्हटले, काय केले आणि वहीत काय लिहिले येथून सुरू करावे, असे माझे ठाम मत आहे. 'मी कसे शिकवले?' असे आधी विचारले की उत्तर स्वतःची पाठराखण करण्याकडे किंवा स्वतःला दोष देण्याकडे झुकते. 'मुलांना काय समजले, आणि हे मी कशावरून म्हणतो?' या प्रश्नाला मात्र पुरावाच द्यावा लागतो.

पुरावा मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग असा. तास संपायला पाच मिनिटे उरली असताना प्रत्येक मुलाला कागदाच्या चिठ्ठीवर एकच उदाहरण सोडवायला द्यावे आणि चिठ्ठ्या गोळा कराव्यात. समजा, अपूर्णांकांची बेरीज शिकवून झाली आहे आणि १/२ + १/३ हे उदाहरण दिले आहे. चिठ्ठ्यांना गुण देऊ नयेत. बरोबर, चूक आणि अर्धवट असे तीन गठ्ठे करावेत आणि चुकांचा गठ्ठा सावकाश वाचावा. त्यात बऱ्याच मुलांनी २/५ लिहिले असेल, तर तो निष्काळजीपणा नव्हे. पूर्ण संख्यांच्या बेरजेचा नियम मुले अंश आणि छेद यांना वेगवेगळा लावत आहेत, म्हणजेच अपूर्णांक ही एकच संख्या आहे हे त्यांच्या मनात अजून ठरलेले नाही. शिवाय २/५ हा १/२ पेक्षाही लहान आहे. मिळवल्यावर संख्या कमी कशी झाली, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण उत्तराचा अंदाज बांधायला आपण त्यांना सांगितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी तोच पाठ पुन्हा मोठ्या आवाजात समजावण्यापेक्षा, आकडेमोडीला हात लावण्याआधी 'उत्तर अर्ध्याहून मोठे येईल की लहान?' एवढे विचारून तासाला सुरुवात करावी.

त्याच दिवशी, स्मृती ताजी असताना, दहा मिनिटे काढून टिपण लिहावे. आधी काय घडले ते विशेषणे न वापरता लिहावे: 'मुले कंटाळली होती' असे नव्हे, तर 'तिसऱ्या उदाहरणानंतर मागच्या दोन रांगांनी लिहिणे थांबवले' असे. मग तसे का घडले असावे याची निदान दोन कारणे लिहावीत, कारण पहिले सुचलेले कारण बहुतेक वेळा आपल्या सोयीचे असते. शेवटी पुढच्या तासात करायचा एकच बदल लिहावा. शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या चिंतनचक्रात वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृती आराखडा असे सहा टप्पे आहेत. ते उपयुक्त आहेत, पण रोज सहाही टप्पे लिहायला बसले की चिंतनाचे रूपांतर रकाने भरण्यात होते. मनाला लागून राहिलेल्या एखाद्या तासासाठी ते राखून ठेवावेत.

अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये काम करता करता होणारे चिंतन आणि काम झाल्यावरचे चिंतन असा भेद केला. यांपैकी पहिले अधिक अवघड आहे, कारण वर्ग समोर असताना थांबायला फुरसत नसते. त्याच्या सरावासाठी प्रश्न विचारल्यानंतरची शांतता हे उत्तम ठिकाण आहे. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांतील संवादांच्या ध्वनिमुद्रणांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे अधिक मोठी झाली आणि उत्तर न देणाऱ्यांचे प्रमाण घटले. शाळेची परवानगी घेऊन मी माझ्या एका तासाचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा अर्ध्याहून अधिक प्रश्नांची उत्तरे मीच देत असल्याचे ऐकू आले, आणि आपण मुलांना बोलते करतो हा माझा समज त्या दिवशी मोडला. त्यानंतर टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आखणीच्या, समासात प्रत्येक महत्त्वाच्या प्रश्नापुढे मी 'थांबा' असे लिहू लागलो. मूल उत्तर देऊन थांबल्यावरही तितकेच थांबावे. पुष्कळदा खरे स्पष्टीकरण तेव्हा येते.

एकट्याने केलेल्या चिंतनाला मर्यादा असते, कारण आपले आंधळे कोपरे आपल्याला दिसत नाहीत. सहकाऱ्याला तासाला बोलवावे, पण 'कसा वाटला तास?' असे विचारू नये, कारण त्यावर सौजन्याचेच उत्तर मिळते. त्याच्या हाती बैठक व्यवस्थेचा कागद द्यावा आणि वीस मिनिटांत कोणाला किती वेळा प्रश्न विचारला गेला, याच्या फक्त खुणा करायला सांगावे. तासानंतर त्या खुणा दोघांनी मिळून पाहाव्यात आणि ज्या बाकांपुढे एकही खूण नाही, त्यांच्यापासून बोलायला सुरुवात करावी. जपानमध्ये शिक्षकांचा गट एक पाठ मिळून आखतो, त्यांपैकी एक जण तो शिकवतो आणि बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात. तेथे पाठ सर्वांचा असल्याने चर्चा व्यक्तीवर घसरत नाही. हे सारे टिपण शिक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनापासून मात्र वेगळे ठेवावे, कारण गुण मिळणार असतील तिथे कोणीही आपली चूक प्रामाणिकपणे लिहिणार नाही.

सत्र संपताना सर्व टिपणे एका बैठकीत वाचावीत. एकच अडचण वेगवेगळ्या तारखांना पुन्हा पुन्हा भेटली, तर पुढच्या सत्राचा प्रश्न तोच ठेवावा आणि वाचन किंवा प्रशिक्षण निवडतानाही तोच समोर ठेवावा. अपूर्णांकांच्या तासाचे टिपण त्या पाठाच्या टाचणालाच जोडून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी तो पाठ उघडताच १/२ + १/३ चा चुकांचा गठ्ठा आधी आठवेल.