समुद्रकाठच्या सांडपाणी केंद्रात या चुका टाळा

पुनवेच्या आसपास केंद्रावर येणारं पाणी एकाएकी वाढतं आणि दोन दिवसांनी बाहेर सोडायचं पाणी गढूळ दिसू लागतं. आमच्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा आम्ही ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, खोलून बसलो होतो. ब्लोअरला काहीही झालेलं नव्हतं. खाडीत उतरणाऱ्या जुन्या पाइपाच्या झडपेवर कालवं वाढली होती. झडप बोटभर उघडी राहायची आणि भरतीला खाडी सरळ गटारात शिरायची.

किनाऱ्यावर सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बिघाड यंत्रात शोधतात, पंचांग कुणी उघडत नाही. तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती, हा कोकणातला जुना हिशोब: अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकराच्या सुमारास. येणाऱ्या पाण्याची वाहकता, म्हणजे त्यातून वीज किती सहज वाहते ते, दिवसभर तासातासाला मोजा; पाणी जितकं खारं तितकी ती जास्त. घरगुती सांडपाण्याची साधारण 1,000 ते 1,500 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते, समुद्राच्या पाण्याची 50,000च्या आसपास. शंभरात पाच बादल्या समुद्र मिसळला तरी आकडा दुपटीच्या पुढे जातो. तो भरतीबरोबर चढून ओहोटीला उतरत असेल तर भरतीच्या वेळी एकेका मॅनहोलचं पाणी मोजत केंद्राकडून वरच्या अंगाला जा. शेवटचं खारं आणि पहिलं गोडं मॅनहोल यांच्यामध्येच कुठेतरी खाडी आत येते आहे.

खारटपणा एकसारखा असेल तर टाकीतले घाण खाणारे जिवाणू हळूहळू सरावतात. दिवसातून दोनदा खारं-गोडं झालं की त्यांचे पुंजके फुटतात आणि पाणी गढुळतं. अशा वेळी घाबरून गाळ काढून टाकू नका. काम करणारे जिवाणूच तुम्ही फेकता.

गाळ नीट बसत नसेल तर आधी साधी परीक्षा करा. 1 लिटरच्या मोजपात्रात एरेशन टाकीतलं (जिथे हवा सोडतात त्या टाकीतलं) पाणी घ्या, अर्धा तास थांबा. गाळ 800 मिलिलिटरवरच अडकला तर दुसऱ्या पात्रात निम्मं तेच पाणी आणि निम्मं केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी घालून ठेवा. आता झरझर बसला तर टाकीत गाळ जास्त झाला आहे, थोडा काढा. तरीही फुगलेलाच राहिला तर तंतुमय जिवाणू माजले आहेत. हवा पुरते का ते पाहा. आधी छान बसून तासाभराने गोळे वर येत असतील तर गाळ सेटलिंग टाकीत (जिथे तो खाली बसू देतात) फार वेळ पडून राहतो आहे.

सीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण मोजणाऱ्या रासायनिक चाचणीचा, अहवाल भलताच वाढून आला तर प्रयोगशाळेला क्लोराइड (मिठातला क्षार) किती होतं ते विचारा. क्लोराइड त्या चाचणीतलं रसायन खातं आणि घाण नसताना आकडा फुगवतं. प्रतिलिटर 2,000 मिलिग्रॅमच्या वर असेल तर नमुना पातळ करूनच तपासायला हवा. या एका कारणाने नोटिशीला उत्तरं लिहीत बसलेले लोक मी पाहिले आहेत.

आता जिवावरची गोष्ट. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 2,700 मिलिग्रॅम सल्फेट असतं. साचलेल्या गटारात त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. तो काँक्रीट वरून पोखरतो. वायू फार वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. 'वास गेला, उतर खाली' असं म्हणणाऱ्या मुकादमाचं ऐकू नका. गॅस मीटर आत सोडून बघा. माणूस उतरवण्याऐवजी यंत्राने सफाई करा.

पावसाळ्यात छपराच्या पन्हळी गटाराला जोडू देऊ नका, आणि पंपाचे बोल्ट 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घेऊ नका. खाऱ्या हवेत त्यांना भोकं पडतात, 316 घ्या.

झडप खरवडायला उधाणाची ओहोटीच गाठा, पाणी तेव्हा सगळ्यात खाली जातं. आमच्याकडे अमावास्येला संध्याकाळी पाच-साडेपाचला दोघं जण कोयती आणि तारेचा ब्रश घेऊन जातात. ती कालवं कुणी घरी नेत नाही.