पाऊस सरल्यावर परसबागेतील वाफे नव्याने कसे आखावेत

देशावरच्या काळ्या जमिनीतील परसबागेत बियाणे चांगले असूनही भाजी पिवळी पडू लागली किंवा रोपे वाढेनाशी झाली, तर औषधांकडे वळण्याआधी वाफ्याचा आकार तपासावा. पावसाळ्यात पाणी निघून जावे म्हणून वाफा उंच लागतो, हिवाळ्यात तो बेताचा उंच पुरतो आणि उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणारा खोलगट वाफा उपयोगी पडतो. यांतील सर्वांत महत्त्वाची फेरमांडणी दसऱ्याच्या सुमारास, परतीचा पाऊस थांबल्यावर करायची असते.

या कामात घाई अजिबात करू नये. काळी माती ओली असताना फुगते व चिकटते. तशा मातीत कुदळ चालवली तर तिचे कण दाबले जातात आणि ऊन लागताच दगडासारखी ढेकळे तयार होतात, जी पुढे महिनोन्‌महिने फुटत नाहीत. उलट जमीन पूर्ण वाळून भेगाळल्यावर खोदणे जवळपास अशक्य होते. या दोन टोकांमधला वाफसा, म्हणजे माती खोदण्याजोगी ओलसर असण्याची स्थिती, गाठणे हेच खरे कौशल्य आहे. सुमारे 10 सेंटीमीटर खोलीवरची मूठभर माती घेऊन घट्ट दाबावी आणि तो गोळा कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडावा. गोळा फुटून माती मोकळी झाली तर वाफसा आला आहे. तो तसाच चपटा राहिला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे.

आखणी करताना एकच गोष्ट ध्यानात ठेवावी, ती म्हणजे वाफ्यावर कधीही पाय पडता कामा नये, कारण काळी माती एकदा तुडवली गेली की मुळांना हवा मिळत नाही. माणसाचा हात वाकून साधारण अर्धा मीटर सहज पोहोचतो. म्हणून दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर वाफ्याची रुंदी 1 मीटरपेक्षा जास्त नसावी आणि भिंतीला लागून असलेला वाफा अर्ध्या मीटरचाच ठेवावा. समजा, जागा 3 मीटर रुंद व 4 मीटर लांब आहे. तिच्यात प्रत्येकी 1 मीटर रुंदीचे व 3 मीटर लांबीचे दोन वाफे, मध्ये 40 सेंटीमीटरचा रस्ता आणि दोन्ही कडांना 30 सेंटीमीटरची वाट नीट बसते. जुने दीड मीटर रुंदीचे वाफे मोडून असे अरुंद करताना लागवडीची जागा थोडी घटते, पण खुरपणी, विरळणी आणि तोडणी बाहेरूनच होत असल्याने मिळणारी भाजी घटत नाही, असे माझे मत आहे.

खुंट्या ठोकून व दोरी ताणून आखून घेतल्यावर वाफ्याची माती वीतभर खोल मोकळी करावी. मग रस्त्याची सुमारे 10 सेंटीमीटर माती उचलून दोन्ही वाफ्यांवर पसरावी. भुसभुशीत झालेला वाफा त्यामुळे रस्त्यापेक्षा सहज 15 सेंटीमीटर उंच होतो आणि बाहेरून माती आणावी लागत नाही. प्रत्येक वाफ्यात घमेलेभर पूर्ण कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळावी. ताजे शेण मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) येते. काळ्या मातीत वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परसबागेत परवडेल एवढ्या वाळूने चिकट मातीचा स्वभाव बदलत नाही, तो वर्षानुवर्षे घातलेल्या पालापाचोळ्याने व खतानेच बदलतो. शेवटी दाताळ्याने माथा सपाट करून कडा किंचित तिरक्या ठेवाव्यात. सरळ उभ्या कडा पाण्याने ढासळतात.

एका वाफ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांच्या ओळी आडव्या पेराव्यात. धने हलके रगडून दोन भाग केल्यावरच पेरावेत. मेथी साधारण महिनाभरात काढणीस येते, त्यामुळे सगळी एकाच दिवशी न पेरता दर 10 दिवसांनी दोन ओळी पेरल्या तर घरातल्या माणसांना पुरते आणि वायाही जात नाही. दुसऱ्या वाफ्यात टोमॅटो, मिरची किंवा कोबीची रोपे संध्याकाळी लावावीत आणि दोन रोपांत 45 सेंटीमीटर अंतर ठेवावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने घेवड्याचा मांडव उत्तरेच्या कडेला उभारावा, म्हणजे इतर पिकांवर सावली पडत नाही. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा एकाच कुळातील असल्यामुळे पावसाळ्यात वांगी असलेल्या वाफ्यात लगेच टोमॅटो लावू नये. तेथे पालेभाजी किंवा घेवडा घ्यावा.

फेब्रुवारीच्या अखेरीस पालेभाजी निघाली की वाफ्याच्या मधली माती कडांकडे ओढून भोवती चार बोटे उंचीचा बांध करावा आणि वर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालावे. मेच्या अखेरीस, वळवाच्या सरींनंतर वाफसा येताच, तीच माती पुन्हा मध्ये घेऊन वाफा 20 सेंटीमीटरपर्यंत चढवावा आणि रस्त्याला घराच्या भिंतीपासून दूर जाणारा उतार द्यावा.