मूडलमधल्या मदतीच्या लिंक: कॉलेजची मराठी मार्गदर्शिका कशी जोडावी

मूडलमध्ये, म्हणजे कॉलेजचे कोर्स ऑनलाइन चालवायच्या प्रणालीत, मदतीच्या लिंक दोन प्रकारच्या असतात आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणांहून ठरतात. हे पक्कं डोक्यात बसल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नका. पहिली लिंक पानाच्या तळाशी असते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून ती उजव्या कोपऱ्यातल्या गोल प्रश्नचिन्हात गेली आहे. दुसरी, रकान्याशेजारचं छोटं प्रश्नचिन्ह दाबल्यावर किंवा नवी ॲक्टिव्हिटी निवडताना माहिती उघडल्यावर मजकुराखाली दिसते, ‘मोअर हेल्प’ म्हणून.

मुळात दोन्ही लिंक मूडलच्या अधिकृत इंग्रजी दस्तऐवजांकडे जातात. आमच्या नागपुरात, आणि काटोल-उमरेडकडच्या कॉलेजांत तर जास्तच, प्राध्यापकांना आपल्या कॉलेजची मराठी मार्गदर्शिका हवी असते. अंतर्गत गुण किती, क्विझ कधी बंद करायची, उत्तरं विद्यार्थ्यांना केव्हा दाखवायची, हे सगळं तिच्यात असतं. मागणी रास्त आहे. ती पुरी करायला सर्रास दिला जाणारा सल्ला मात्र चुकीचा आहे.

तो सल्ला असा: ॲडमिनच्या शोधखिडकीत ‘डॉकरूट’ शोधा आणि त्या रकान्यात ड्राइव्हवरच्या पीडीएफची लिंक टाका. असं अजिबात करू नका. डॉकरूट हा पूर्ण पत्ता नाही, ती पत्त्याची फक्त सुरुवात आहे. मूडल तिच्यापुढे आवृत्तीचा क्रमांक, मग भाषेचा कोड आणि मग त्या पानाचा मार्ग जोडतं. ४.५ वर मराठीत काम करणारे सर क्विझच्या पानावर असतील, तर तुमच्या लिंकला ‘४०५ / एमआर / मॉड / क्विझ / व्ह्यू’ असं शेपूट लागतं. हे शेपूट लागल्यावर ड्राइव्हला फाइल सापडेलच असं नाही. मग ऐन सत्राच्या सुरुवातीला फोन येतो, ‘सर, प्रश्नचिन्ह दाबलं तं पान उघडूनच नाही राहिलं.’ लिंक तपासणारा ती कॉपी करून थेट उघडून पाहतो. तेव्हा ती नीट उघडते, कारण तेव्हा शेपूट नसतं. या एका गोष्टीनं मला फार छळलं आहे. म्हणून ठासून सांगतो, मदतीची लिंक नेहमी मूडलच्या आतून दाबून तपासा आणि उघडलेल्या पानाचा पत्ता शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा.

मग मराठी मार्गदर्शिका जोडायची कुठून? भाषा पॅकमधून, म्हणजे मूडलच्या पडद्यावरचा त्या-त्या भाषेतला मजकूर ज्यात असतो त्या संचातून. साइट ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये लँग्वेज कस्टमायझेशन उघडा, भाषा निवडा आणि क्विझचा घटक घ्या. त्यातल्या काही ओळींच्या नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि ‘लिंक’ असतं. ‘मोअर हेल्प’ कुठं न्यायचं ते याच ओळी ठरवतात. तिथल्या अर्ध्या मार्गाच्या जागी एचटीटीपीएसपासून सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहिला, की मूडल त्याला काहीही जोडत नाही, जसाच्या तसा उघडतं. मार्गदर्शिका त्याच मूडल साइटवर असेल, तर सुरुवातीला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूरूट हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मागे-पुढे दोन-दोन टक्केचिन्हं लावून लिहा. उद्या साइटचा पत्ता बदलला तरी लिंक शाबूत राहते.

बदल आधी इंग्रजी पॅकमध्ये करा. मराठी इंटरफेस वापरणारे असतील तर मराठी पॅकमध्येही तीच ओळ तपासा. आणि शेवटी बदल भाषा पॅकमध्ये सेव्ह करण्याचं बटण दाबायला विसरू नका. ते दाबेपर्यंत तुमचा बदल फक्त संपादनाच्या पडद्यावर असतो, वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही. पुष्कळ जण इथंच ‘हे चालतच नाही’ म्हणून सोडून देतात.

सगळ्या ओळी बदलत बसू नका. क्विझ, असाइनमेंट आणि अटेंडन्स वापरत असाल तर तो, इतक्यावर प्राध्यापकांचं बहुतेक काम भागतं. बाकी ठिकाणी मूडलचे मूळ इंग्रजी दस्तऐवज उत्तम आहेत, ते तसेच राहू द्या.

तळाच्या लिंकला हे लागू नाही, ती डॉकरूटवरच चालते. कॉलेजचा स्वतःचा सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस असेल तरच डॉकरूट बदला. तेव्हा सर्व्हरवर एक रीराइट नियम हवा. त्यानं आवृत्ती आणि भाषा गाळून उरलेल्या मार्गावरून योग्य पान द्यायचं, आणि ते पान नसेल तर मार्गदर्शिकेच्या अनुक्रमणिकेवर न्यायचं. हा नियम लिहिणारं कोणी नसेल तर डॉकरूट आहे तसाच ठेवा.

डॉकरूटचं सेटिंग ज्या पानावर आहे, त्याच पानावर दस्तऐवजांची भाषा ठरवता येते. तिथं इंग्रजी पक्की करा. ती पक्की केली नाही तर लिंकमध्ये वापरणाऱ्याची भाषा येते आणि मराठीत इंग्रजीइतकं भरीव साहित्य तिथं नाही. लिंक नव्या खिडकीत उघडण्याची खूण चालू ठेवा, नाहीतर अर्धवट भरलेला क्विझचा फॉर्म हातचा जातो.

विद्यार्थ्यांना तळाची दस्तऐवजांची लिंक मुळात दिसत नाही, कारण तिची परवानगी शिक्षक आणि मॅनेजर यांच्या भूमिकांना असते. ‘पोरांनाही द्या’ म्हणून आग्रह झाला तरी देऊ नका. क्विझ कशी बनवायची हे वाचून बी.कॉम.च्या मुलीला काय मिळणार? तिला पासवर्ड कसा बदलायचा आणि असाइनमेंट फोनवरून कशी चढवायची, एवढंच हवं असतं. त्यासाठी थीमच्या सेटिंगमधला कस्टम मेनू वापरा. एका ओळीत नाव, उभी रेघ, पत्ता, उभी रेघ, टीप, उभी रेघ, भाषेचा कोड. मराठीसाठी एक ओळ आणि इंग्रजीसाठी एक लिहिली, की ज्याला त्याला आपापल्या भाषेतली मदत वरच्याच पट्टीत दिसते.

सपोर्ट कॉन्टॅक्टचा ईमेल एका व्यक्तीचा नको, विभागाचा ठेवा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या इनबॉक्सात वर्षभराच्या तक्रारी पडून राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता तपासणी. ॲडमिन म्हणून तपासून उपयोग नाही, ॲडमिनला सगळंच दिसतं. शिक्षकाच्या खात्यानं शिरा, मग विद्यार्थ्याच्या, आणि एकदा फोनवरच्या ॲपमधून. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रानंतर उघडतात, त्यामुळे आपल्याकडच्या शाळांना जूनमध्ये हाताशी वेळ मिळतो. मूडलची आवृत्ती वाढवायची आणि लिंक पुन्हा तपासायच्या त्या तेव्हाच. आवृत्ती वाढली की मूडलनं स्वतः रचलेल्या पत्त्यांतला क्रमांक आपोआप बदलतो. पण प्राध्यापकांनी आपल्या कोर्समध्ये हातानं चिकटवलेल्या लिंकमध्ये जुनाच क्रमांक राहतो, आणि त्या जुन्या दस्तऐवजातल्या चित्रातला मेनू समोरच्या पडद्याशी जुळत नाही. त्या लिंक कोर्स उघडून एकेक करून बदलाव्या लागतात.